हिरवा नाथ, तांबडा नाथ

आण्णा सुट्टीवर आले की आमच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा बोलायची ती त्यांची काळी पत्र्याची ट्रंक. कडी उघडल्याचा खटका ऐकला की मी हातातला घास ताटात टाकून धावायचो. आधी बुटाच्या पॉलिशचा वास, मग डांबराच्या गोळ्यांचा, आणि सगळ्यात खाली, लोकरीच्या बनियनाखाली, माझी पुस्तकं. चित्रांची, हिंदी, कागद पिवळट आणि रंग असे की बोटाला लागावेत. आण्णा म्हणजे माझे वडील, पलटणीत हवालदार. येताना ज्या स्टेशनावर गाडी जास्त थांबेल तिथल्या दुकानातून जे हाताला लागेल ते उचलायचे, गाडीत स्वतः वाचून काढायचे आणि मग मला द्यायचे. त्यामुळं गोष्टीचा दुसरा भाग मिळायचा, पाचवा मिळायचा, पहिला कधीच नाही. तक्रार करायची सोय नव्हती. आण्णांचा एकच हुकूम असे, पुस्तक घराबाहेर जायचं न्हाई. तो हुकूम मी इतका पाळला की गल्लीतल्या पोरांना माझ्याकडं असलं काही आहे याचा पत्ताच नव्हता.

त्या पुस्तकांतला माझा माणूस म्हणजे तूफाननाथ. हा कंबरेला वाऱ्याचा पट्टा बांधून उडायचा, राक्षसांना शेपटीला धरून गरगरा फिरवायचा, आणि त्याची आई एका डोंगरगावात त्याची वाट बघत चुलीपुढं बसलेली असायची. मी त्याच्यावर जीव टाकत होतो. पण खरं सांगायचं तर त्याचा मला धाकही होता, कारण तो लहरी होता. एका पानावर बुडणाऱ्या पोराला वाचवायचा आणि पुढच्याच पानावर गाव पेटवून द्यायचा. एका पुस्तकात तर त्यानं स्वतःच्या आईला दंडाला धरून घराबाहेर काढलं होतं. ते पान मी पुष्कळ दिवस उघडलं नाही, दोन पानं एकदम उलटून पुढं जायचो. असं का वागतो हे कोणाला विचारावं असं मला कधी वाटलं नाही. मोठी माणसं अशीच असतात अशी माझी पक्की समजूत होती. आण्णा नाही का, सकाळी खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचे आणि संध्याकाळी अंथरुणाची घडी वाकडी झाली म्हणून भिंतीकडं तोंड करून उभं करायचे.

परवा माझी नात आली होती. ती असल्या जुन्या पुस्तकांच्या मागं वेडी आहे, तिच्या टॅबमध्ये दुनियाभरचे उडणारे बाप्ये भरून ठेवलेत. मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळचे रंग किती भडक होते ना?" म्हटलं, बाई, असतील. आता तो विषय निघालाच आहे तर आटपाडीच्या त्या मे महिन्याचं एकदा लिहूनच टाकावं, म्हणून हे प्रकरण.

आण्णा मूळचे आटपाडीकडचेच, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या भावकीतून मेंढरं सोडून पलटणीत गेलेला पहिला गडी म्हणजे ते. त्यामुळं पलटण म्हणजे त्यांना देव. पोरानं आपल्याही पुढं जावं, साहेब व्हावं, म्हणून त्यांनी मला घाटापलीकडच्या एका सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवलं, आणि मी मेला पासही झालो. राहायचं तिथंच, वसतिगृहात, घरी यायचं फक्त सुट्टीला. राहिली होती ती डॉक्टरी तपासणी. ती जूनच्या सुरुवातीला साताऱ्यातच व्हायची होती. आण्णांनी पत्रात लिहिलं होतं की मे महिन्यात सुट्टी टाकून येतो, मी स्वतः घेऊन जाईन. गल्लीत पेढे वाटले गेले. मला जायचं नव्हतं. पण हे वाक्य तोंडातून काढण्यासाठी जी छाती लागते ती माझ्याकडं नव्हती. मी आपला पेढे वाटत हिंडलो. आई पेढ्याचा पुडा हातात देताना माझ्याकडं बघायची नाही, आणि बघितलं तर लगेच भांड्याला लागायची.

दर मे महिन्यात आई मला घेऊन आजोळी जायची; आजोळ आटपाडीच्या अलीकडं, माळावर. साताऱ्याहून एसटीनं निघालं की जसजसं पूर्वेला जावं तसतसा ऊस मागं पडायचा, झाडं बुटकी व्हायची आणि शेवटी नुसता माळ, कुसळं आणि ऊन. एसटीतून उतरलं की कानात पहिल्यांदा शिरायचा तो मेंढरांचा आवाज, आणि त्यावर मामाची "हुर्रे हुर्रे" आरोळी. आजोळची मेंढरं तेव्हा पूर्वीसारखी चाऱ्यासाठी कोकणात उतरत नव्हती. आजा थकला होता, कळप लहान झाला होता, आसपासच्या माळावरच चरायचा. घरात जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, कांदा बुक्कीनं फोडलेला, आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. ते माडगं मातीच्या गाडग्यात शिजायचं आणि त्याचा वास असा की भूक नसलेल्यालाही लागावी. आता डॉक्टरांनी मला मीठ कमी सांगितलंय, तेव्हा त्या माडग्याबद्दल जास्त लिहीत नाही, उगाच चिडचिड होते.

त्या वर्षी मी हुकूम मोडला आणि तूफाननाथची पुस्तकं पिशवीत घालून आजोळी नेली. वसतिगृहात ती चालणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून शेवटची भेट घेतल्यासारखी जवळ ठेवली होती. मामाची पोरगी लक्षी माझ्याहून थोडी मोठी, जिभेला हाड नसलेली. तिला हिंदी येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो आणि ती चित्रं बघायची. आईला घराबाहेर काढलेल्या पानापाशी आल्यावर मी नेहमीप्रमाणं दोन पानं एकदम उलटली.

"थांब की, काय पळवाय लागलायस?" तिनं पान मागं आणलं.

"ते नको. त्यात तो वाईट वागतो."

"कोन?"

"तूफाननाथ."

"ह्यो कुठला तूफाननाथ? ह्यो तर दुसरा हाय."

मी म्हटलं, दुसरा कसला, तोंड तेच, मिशी तीच, पट्टा तोच. ती म्हणाली, "आरं, आपला हिरवा अंगरखा घालतोय. ह्येचा तांबडा हाय. सोंग घेतलंय ह्येनं." मी दोन्ही चित्रं निरखून बघितली. अंगरखा सारखाच होता. मला वाटलं, ही नेहमीसारखी माझी फिरकी घेतेय. मी चिडून पुस्तक मिटलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. ती म्हणाली, "साहेब व्हणार न्हवं, मग रुसायचंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावर गोंधळ झाला. तळं आटत आलेलं, पाण्याचं नुसतं एक डबकं राहिलेलं. त्यावर आमची मेंढरं आणि शेजारच्या तात्याची मेंढरं एकाच वेळी आली आणि अशी एकमेकांत मिसळली की कुणाची कोणती कळेना. तशी काळजी नव्हती, कारण प्रत्येक कळपाला खूण असते. मामा आपल्या मेंढरांच्या मानेवर गेरूचा तांबडा पट्टा ओढायचा, तात्या हिरवा रंग लावायचा. मामा सकाळपासून उपाशी होता. त्यानं मला वाडग्याच्या, म्हणजे काट्यांच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभं केलं आणि सांगितलं, "तांबडं ते आपलं, आत सोड. हिरवं ते तात्याचं, भाईर ठेव, तात्याचा गडी न्हील. मी भाकरी खाऊन येतो. एवढं जमंल न्हवं साहेबांस्नी?" जमेल, म्हटलं. त्यात न जमण्यासारखं काय होतं? मी अगदी रुबाबात काठी आडवी धरून एकेक मेंढरू आत सोडलं, एकेक बाहेर ठेवलं. पट्टे मला दिसत होते, कुठले गडद, कुठले फिके. गडद ते तांबडे, असं मी मनाशी धरलं. तात्याचा गडी म्हातारा, त्याला डोळ्यांनी कमी दिसायचं. मी बाहेर ठेवली ती मेंढरं हाकत तो निघून गेला.

चूक कळली ती दिवस कलल्यावर. त्या वेळी कोकरं सोडायची असतात. दिवसभर बांबूच्या मोठ्या डालग्याखाली झाकलेली कोकरं मोकळी केली की ती ओरडत कळपात घुसतात आणि प्रत्येक कोकरू नेमकी आपली आई शोधून आचळाला लागतं. मग एकदम शांत होतं सगळं. तो आवाज आणि ती शांतता मला फार आवडायची. त्या दिवशी शांतता झालीच नाही. कोकरं ओरडत इकडून तिकडं पळत होती, मेंढ्या त्यांना ढुशी मारून ढकलत होत्या. मामा वाडग्यात शिरला, एक मान वर केली, दुसरी वर केली आणि कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तात्या आलाच, लांबूनच बोलत. "आवं पाव्हणं, आमची पोटुशी मेंढरं गोड लागली व्हय तुमास्नी?" चोरीचा आळ म्हणजे माळावर भलतीच गोष्ट. मामा माझ्याकडं वळला. "मस्करी केलीस व्हय रं? सांगितलं हुतं ना, तांबडं आत?" त्यानं हात उचलला. मी म्हटलं, "तांबडीच सोडली." माझा आवाज रडका झाला होता, कारण मी खरंच सांगत होतो आणि समोर सगळे मला खोटा ठरवत होते.

"हात खाली घे," आजा म्हणाला.

आजा दाराशी घोंगड्यावर बसलेला असायचा. कमी बोलायचा. तो उठला, काठी टेकत आला आणि मला म्हणाला, "ह्या मेंढराचा पट्टा कंचा?" मी म्हटलं, तांबडा. लक्षी खुदकन हसली. "आन् ह्येचा?" मी म्हटलं, हाही तांबडा. ह्या वेळी लक्षी हसली नाही. आजानं माझं बोट धरलं आणि मेंढराच्या कानावर ठेवलं. कानाच्या टोकाला कात्रीनं काढलेली एक बारीक खाच होती. "आपल्या समद्या मेंढरांस्नी ही हाय. मी कातरतो. मानंकडं बघत जाऊ नगंस, कान चाचपत जा." मग मामाकडं वळून म्हणाला, "पोरानं मस्करी न्हाई केली. त्येला तांबडं-हिरवं येगळं दिसत न्हाई. मला तरी कुठं दिसतंय?"

 आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "आबा, म्हंजी म्हनून तू कवाच गेरू लावला न्हाईस? आमी आपलं म्हनायचो, म्हाताऱ्याला आळस." आजा म्हणाला, "बिनरंगाचं बी पोट भरतंय, बाय. कशाला बोंबलत हिंडू?" तात्यालाही हसू आलं. मग दोघातिघांनी मिळून कान चाचपून मेंढरं वेगळी केली, तात्या आपली घेऊन गेला, आमची परत आली, आणि कोकरं आचळाला लागून गप्प झाली. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी खोटा नव्हतो. वेंधळाही नव्हतो. बाजारातून पिकलेल्याऐवजी कच्चे टोमॅटो आणले म्हणून आजवर खाल्लेल्या सगळ्या शिव्यांची त्या एका संध्याकाळी भरपाई झाली.

त्या रात्री जेवताना आईनं माझ्या माडग्यात तुपाचा मोठा गोळा सोडला आणि एकदम म्हणाली, "डोळं असं असल्यावर त्या शाळेत घेत न्हाईत." तिला कुणा फौजीच्या बायकोकडून हे कळलेलं होतं. म्हणताना तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता आणि तो लपवायला ती पदरानं घाम पुसत होती. नवरा वर्षाचे अकरा महिने लांब, आता पोरगाही लांब, हे तिनं कसं गिळलं होतं ते मला तेव्हा कळलं. मीही आनंदानं आणखी एक भाकरी मागून घेतली. मग तिचा चेहरा पडला. "पर तुज्या आण्णाला कोन सांगनार?" तिथं मात्र आमचे दोघांचेही आनंद थिजले.

आण्णा चार-सहा दिवसांत आले, ट्रंक डोक्यावर घेऊन, माळ तुडवत. पाणी पिऊन झालं, पाया पडणं झालं, आणि आईनं सांगून टाकलं. आडपडदा नाही, आडवळण नाही, जसं झालं तसं. आण्णा म्हणाले, "बकवास. पोरगं बावरलं असंल." त्यांनी ट्रंक उघडली, तूफाननाथचं नवं कोरं पुस्तक काढलं आणि मधलंच पान माझ्यापुढं धरलं. "बोल. ह्यो खरा का खोटा?" मी बघितलं. जीव तोडून बघितलं, कारण माझ्या बरोबर उत्तरावर ह्या माणसाचं सगळं अवलंबून आहे हे मला दिसत होतं, आणि चुकीच्या उत्तरावर माझं. मला खोटं बोलायची गरजच पडली नाही. मी म्हटलं, "खरा." आण्णांनी पान उलटलं. "आन् ह्यो?" "खरा." त्यांनी पुस्तक हळूच मिटलं, ट्रंकेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन मेंढरांकडं बघत उभे राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "भूक न्हाई."

तरीही ते मला साताऱ्याला घेऊन गेले. डॉक्टरनं सांगावं, मग मानतो, असं त्यांचं म्हणणं. लष्करी डॉक्टरनं एक जाड पुस्तक उघडलं. पानापानावर नुसते रंगीत ठिपके. म्हणाला, ह्यात आकडा कुठला? मला ठिपकेच दिसले. पान उलटलं, ठिपके. पुढं ठिपके. डॉक्टर भला माणूस होता. आण्णांना हिंदीत म्हणाला, मुलगा ठणठणीत आहे, हुशार आहे, फक्त ह्या शाळेला चालणार नाही, आणि ह्यावर औषध नसतं. आण्णांनी टाचा जुळवून सलाम केला. बाहेर आलो. ते इतक्या जोरात चालत होते की मला पळावं लागत होतं. एसटी स्टँडावर उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथं ते बाकावर बसले, दोन ग्लास सांगितले, आणि रस पुढं आला तरी कुणी हात लावला नाही. चरकाला बांधलेला घुंगरू वाजत होता.

"तुला वाईट वाटत आसंल," ते म्हणाले.

मी चरकाकडं बघत बसलो.

"बोल की रं."

"न्हाई वाटत."

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण जे जायचं ते गेलंच आहे, आता काय, असं म्हणून मी बोललो, "मला जायचंच न्हवतं, आण्णा."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी इचारलंच न्हाई."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मलाबी कुनी इचारलं न्हवतं. दुष्काळ पडला, मेंढरं मेली, बापानं भरतीच्या रांगेत हुबा केला. पहिलं वरीस मी कांबळ्यात तोंड घालून रडायचो." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसा. "मला वाटायचं, तुला साहेब केला म्हंजी तुला कुनी भिंतीकडं तोंड करून हुबा करनार न्हाई." मग त्यांनी माझा ग्लास माझ्या हातात दिला, आपला उचलला आणि एका दमात संपवला. मिशीला फेस लागला होता. ते हसले. माझे आण्णा मला हसताना तसे फारसे आठवत नाहीत, पण ते हसू आठवतं, कारण ते सुटल्यासारखं होतं. त्यांनाही एकेकाळी जायचं नव्हतं हे मला कुठं ठाऊक होतं.

(पुढं मी सांगलीत मराठीचा मास्तर झालो. भूगोल दिला असता तर नकाशात काय दिवे लावले असते देव जाणे.)

त्यांची उरलेली सुट्टी आम्ही साताऱ्यात काढली. आण्णा रोज दुपारी ओसरीवर बसायचे, नाकावर चष्मा, हातात बॉलपेन, मांडीवर माझी पुस्तकं. मी जवळ गेलो की म्हणायचे, "हिकडं यायचं न्हाई, काम चाललंय." आई म्हणायची, कसलं काम, पोराच्या पुस्तकांत रेघोट्या ओढत बसलेत. सुट्टी संपली, ते गेले. गाडीत बसवून परत आलो आणि पुस्तकं उघडली. जिथं जिथं तूफाननाथ होता तिथं तिथं, प्रत्येक चौकटीत, त्याच्या छातीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. हिरवा. तांबडा. हिरवा. हिरवा. तांबडा. मी पहिल्यापासून सगळं परत वाचलं. ज्यानं गाव पेटवलं तो तांबडा. ज्यानं पोराला वाचवलं तो हिरवा. मग भीत भीत ते पान उघडलं. आईच्या दंडाला धरणाऱ्याच्या छातीवर लिहिलं होतं, तांबडा. आणि त्याच्याच खाली, एका कोपऱ्यात, धावत येणारा एक लहानसा माणूस होता, जो मी आजवर कधी बघितलाच नव्हता. हिरवा. मी पुस्तक छातीशी धरून रडलो. आई म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, त्यानं आईला बाहेर काढलं नव्हतं.

शेवटच्या पुस्तकात दोघांची झुंज आहे. धुराचे लोट, दोघं एकमेकांना भिडलेले, आणि छापखान्यात रंग सरकलेला, अंगरख्यांचा नुसता चिखल झालेला. त्या चौकटीत आण्णांनी हिरवा लिहिलं नव्हतं की तांबडा लिहिलं नव्हतं. पत्रात लिहायचे तसल्या नीट, सरळ अक्षरात लिहिलं होतं, "येथे मलाही कळत नाही. तू ठरव."